जार तर समोरच आहे, मग जावाला का दिसत नाही?

प्रश्न (रामबाग, इंदूर): काका, सर्व्हरसाठी जावात छोटं प्लगइन लिहिलंय, सगळ्या जार (जावाच्या क्लास फाइलींचे गठ्ठे) लिब फोल्डरमधे टाकल्या, क्लासपाथला (जावानं कुठे शोधायचं ती यादी) लिब दिलं, तरी 'पॅकेज डझ नॉट एक्झिस्ट'च येतंय. दोन रात्री गेल्या.

अरे, फोल्डरचं नुसतं नाव दिलं की जावा त्यात सुट्या क्लास फाइली शोधतो, तिथे पडलेल्या जारकडे ढुंकून बघत नाही. लिबच्या पुढे स्लॅश आणि स्टार लाव, मग तिथल्या सगळ्या जार घेईल, पण आतल्या सबफोल्डरमधल्या नाही हां. लिनक्सवर हे कोट्समधे लिही, नाहीतर शेल स्टारच्या जागी आधीच फाइलींची नावं भरून मोकळं होतं. आणि दोन पाथ दिलेस तर मधे लिनक्सवर कोलन, विंडोजवर सेमीकोलन (ह्या एका टिंबापायी माझी अख्खी दुपार गेलीय एकदा). तरी नाही जमलं तर 'जार टीएफ' ही कमांड (जारमधे काय काय आहे ते दाखवते) चालवून बघ की ते पॅकेज त्या जारमधे आहे तरी का, बरेचदा जारच चुकीची असते.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): मेव्हनवर (जावाचं बिल्ड करायचं टूल) बिल्ड सक्सेस, पण सर्व्हरवर प्लगइन लोड होताना 'नो क्लास डेफ फाउंड'. असं कसं?

कंपाइल होताना जार होती, चालताना नाहीये, एवढाच अर्थ. मेव्हन आपणहून दुसऱ्यांच्या जार तुमच्या जारमधे भरत नाही, त्यासाठी शेड प्लगइन लावावं लागतं. मग लोक उत्साहात सर्व्हरची एपीआयसुद्धा (प्लगइननं सर्व्हरशी बोलायची लायब्ररी) आत कोंबतात, ते करू नका. पोहेवाल्याकडे जिरावण मसाला असतोच की, घरनं डबी कशाला न्यायची! जे सर्व्हर देणार त्याला पॉममधे (मेव्हनची सेटिंग फाइल) स्कोप 'प्रोव्हायडेड', म्हणजे कंपाइलला दिसतं पण पॅक होत नाही. जे सर्व्हरकडे नाही तेवढंच शेड करा. नक्की कोण कुठनं येतंय ते 'डिपेन्डन्सी ट्री' काढलं की दिसतं.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): जावा 8 चा जुना कोड 17 वर नेला तर 'जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड' (एक्सएमएलचं जावा ऑब्जेक्टमधे रूपांतर करणारं पॅकेज) गायब!

ते 2018 मधे जावा 11 मधनंच काढलंय, आता वेगळं जोडायचं. त्या लायब्ररीचं व्हर्जन 2.3 घ्या, तिच्या 3 पासून पॅकेजचं नाव 'जकार्ता' झालंय, ते घेतलंत तर जुने सगळे इम्पोर्ट बदलत बसाल. आणि नुसत्या एपीआयवर कंपाइल होईल पण चालणार नाही, सोबत रनटाइमची (प्रत्यक्ष काम करणारी) जार पण टाका.