तत्त्वज्ञानात बीए करून लॉला का जायचं?

तत्त्वज्ञानाचा पदवीधर कायद्याकडे का वळतो, असं तुम्ही विचारलंय. मी गेल्या वर्षी गोव्यात हेच केलं, म्हणून स्वतःपुरतं सांगतो.

आमचं घर फोंड्याजवळ, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत. आम्ही मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारे. बीएच्या दुसऱ्या वर्षाला जॉन लॉक हा इंग्रज तत्त्वज्ञ आला: माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. वर्गात तासभर वाद झाला. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग ह्या माडांना पाणी मी घातलं आणि नारळ पाडायला पाडेली भाटकाराचा येतो, तो कसा?" लॉकसाहेब गप्प. १९७५ च्या मुंडकार कायद्यात मात्र अर्धंमुर्धं उत्तर सापडलं. मुंडकाराला मनमानी करून घराबाहेर काढता येत नाही आणि मामलेदाराकडे अर्ज करून घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेता येते. आमचे माड त्या जागेच्या बाहेर, ही गोष्ट वेगळी!

वारशाचंही तसंच. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे गोव्यात बाप मृत्युपत्राने आपल्या वाट्यातला अर्धाच भाग मर्जीने देऊ शकतो. उरलेला मुलांचा, मुलगी धरून. मग 'माझं' म्हणजे किती माझं? बीएला हा प्रश्न दहा गुणांचा होता. इथे त्याच्यापायी भावंडं बोलणं टाकतात.

पुराव्याचा कायदा तर ओळखीचाच वाटला. न्यायदर्शन हे आपलं जुनं तर्कशास्त्र; त्यातला डोंगरावरचा धूर, ज्यावरून आग ओळखायची, म्हणजे परिस्थितिजन्य पुरावाच की. फरक शब्दप्रमाणात, म्हणजे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा त्यात. तिथे आप्त म्हणजे विश्वासाचा माणूस. कोर्टात आप्त म्हणजे नातेवाईक, तो साक्षीला आला की समोरच्या वकिलाच्या भुवया आधी वर जातात.

बाकी लॉच्या तीन वर्षांत पाठांतर भरपूर, ते लपवत नाही. त्यात १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन नवीन आला, त्यामुळे सीनियरांच्या नोट्समधले कलमांचे आकडे निकामी. प्रवेशाला कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात.

फॉर्म भरण्याआधी एक सकाळ मामलेदार कचेरीबाहेरच्या बाकावर काढा. पिशवीत जुने कागद घेऊन बसलेली माणसं काय बोलतात ते ऐका. कंटाळा आला तर एमए करा. आमच्या अर्जाची पुढची तारीख चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर आहे, मी तिथेच असेन.