बोरीखालचा कॅमेरा

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. 'काका, तीन रात्रींत बाराशे फोटो आले आणि प्राणी एकही नाही, कॅमेरा खराब निघाला का?' त्यातले तू पाठवलेले चाळीसेक फोटो मी नीट बघितले. कॅमेरा ठणठणीत आहे. तू तो ओढ्याच्या काठी वाळल्या गवतासमोर बांधलायस, आणि तोही हाताच्या मनगटाएवढ्या खोडाला. वारा सुटला की समोर गवत हलतं आणि मागे झाड हलतं. बिचाऱ्यानं बाराशे वेळा इमानानं सांगितलं की काहीतरी हललं.

त्या डब्यात जो सेन्सर असतो, तो उष्णतेतला फरक हेरतो. मागची जमीन गार आणि पुढून काही ऊबदार आडवं गेलं, की कॅमेरा जागा होऊन आपोआप फोटो काढतो. म्हणूनच मी तुला दिवाळी होऊ दे म्हणत होतो. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडचा खडक इतका तापतो, की अंगानं तेवढाच गरम असलेला भेकर समोरून गेला तरी सेन्सरला तो वेगळा कळत नाही. आता पौष जवळ आलाय. कोयनेच्या खोऱ्यात पहाटे धुकं बसतं, धोंडे बर्फागत गार पडतात आणि रात्र तेरा तासांची होते. या दिवसांत उंदीर पळाला तरी कॅमेऱ्याला कळतं. मात्र सकाळी ऊन पडून वाळलं गवत तापलं आणि हलायला लागलं, की त्यालाही तो प्राणीच समजतो. तुझे निम्म्याहून जास्त फोटो सकाळी आठ ते अकरामधले आहेत, बघ.

बाराशे फुकट गेले म्हणून हिरमुसू नकोस. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांत ३ कोटी ४८ लाखांवर फोटो आले, आणि वाघांचे होते ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे वाघाचा एक, आणि तोही आयुष्य जंगलात काढलेल्या माणसांनी जागा निवडल्या होत्या तेव्हा.

मुद्दा जागेचाच आहे. कॅमेरा काढून घरात ठेव आणि दोन दिवस नुसती चाल. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. त्या उजेडात ठसे उठून दिसतात. ओढ्याचं पाणी आता तुटायला लागलं असेल, डबक्याडबक्यांत उरलं असेल. त्या डबक्यांच्या कडेचा ओला गाळ आधी बघ. ठशात नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, मुंगूस यांपैकी कुणीतरी. नखं नाहीत आणि ठसा गोल असेल तर मांजरकुळातलं. मग वईच्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या, कडेनं चाल. वईला तळाशी जिथं भगदाड पडलंय तिथं वाक आणि काट्याला केस अडकलेत का बघ. बांधावरच्या मोठ्या दगडावर विष्ठा दिसली तर काटकीनं फोडून बघ, आत काय बिया आहेत. साळिंदराचा काटा सापडला तर तो कुठं पडला होता ते लिहून ठेव, कारण साळिंदर वाट सहसा बदलत नाही.

आणि हे करताना तुमच्या परड्याच्या टोकाला जी बोर आहे, तिच्याखाली जाऊन थांब. मला ती आठवते. तुझी आजी संक्रांतीच्या वाणासाठी तिथलीच बोरं वेचायची. मार्गशीर्षापासून संक्रांतीपर्यंत त्या झाडाखाली रात्री पंगत बसते. उदमांजर वर चढून खातं, कोल्हा खाली पडलेली वेचतो, साळिंदरही येतं, आणि या सगळ्यांच्या मागावर रानमांजर येतं, कारण बोरं खायला उंदरंही येतात. मी इतकी वर्षं हे करतोय, पण एका झाडाखाली एका महिन्यात इतके पाहुणे पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात क्वचितच बघितलेत. फळ झाडावर स्वतःहून धरलंय, आपण काही ठेवलेलं नाही, ही त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

तेव्हा कॅमेरा बोरीला बांधू नकोस, बोरीकडे बघणारा बांध. जवळच्या करंजाच्या जाड खोडाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, म्हणजे चाळीस-पन्नास सेंटीमीटर. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर बांधलास तर मांजराची पाठच येईल. जनावराची वाट कॅमेऱ्यापासून अडीच-तीन मीटरवर असू दे. त्याहून जवळ असली तर रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडात जनावर पांढरंफटक पडतं आणि अंगावरचे ठिपकेच दिसेनासे होतात. तोंड उत्तरेला कर. या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे बघणाऱ्या भिंगात तो शिरत नाही. वाटेला कॅमेरा अगदी काटकोनात धरू नकोस, थोडा तिरपा ठेव, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. समोरचं हातभर गवत विळ्यानं कापून काढ; तेवढंच, सगळी जागा साफ करू नकोस. खिळा मारू नकोस, पट्टाच वापर. मग स्वतः गुडघ्यांवर रांगत समोरून जा आणि कॅमेरा टिपतो का बघ. आई हसेल, हसू दे. याच्याइतकी पक्की तपासणी दुसरी नाही.

सेल रिचार्जेबल वापरतेस ते चांगलं, पण सगळे एकाच वयाचे ठेव. जुने-नवे मिसळलेस तर जुने सगळ्यांना खाली ओढतात. सेल बदलल्यावर तारीख-वेळ तपासायचीच. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी ते विसरलो. कॅमेऱ्याची तारीख पुन्हा मुळातल्या तारखेवर गेली, आणि पुढच्या दोन महिन्यांचे फोटो कुठल्या दिवसाचे, हे आजही मला सांगता येत नाही. त्यात खवले मांजर होतं. आमच्या टेकडावर मला दिसलेलं एकमेव.

कार्ड दहा दिवसांनी काढ, भर दुपारी. रोज गेलीस तर तुझा वास, तुझी पायवाट, तुझ्यामागून येणारी गल्लीतली कुत्री, या सगळ्यांनी तीच जागा ओस पडेल.

वही मात्र रोजची. तिथी लिही, धुकं होतं का लिही, ओढ्याला पाणी किती ते लिही आणि ज्या रात्री काहीच आलं नाही ती रात्रही लिही. उदमांजर एका रात्री अकरा वेळा कॅमेऱ्यासमोर आलं म्हणून अकरा उदमांजरं समजू नकोस. एकाच जातीचे अर्ध्या तासाच्या आतले फोटो ही एकच भेट धरायची, अभ्यासकांची रीत तशी आहे. बिबट्या आला तर गोष्ट वेगळी. त्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. पण डाव्या कुशीचे आणि उजव्या कुशीचेही वेगळे असतात, त्यामुळे एका बाजूच्या फोटोवरून दुसरी बाजू ओळखता येत नाही. म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात.

सुरुवातीला सगळ्यात जास्त घोळ होईल तो उदमांजर आणि जवादी मांजर यांत. रात्रीचे फोटो काळेपांढरे, रंगावर भिस्त ठेवता येत नाही. शेपूट बघ. उदमांजराची शेपूट लांब आणि एकरंगी, तोंडावर पट्टा बांधल्यासारखा काळेपणा. जवादीच्या शेपटीवर कडी असतात, पाठीवर लांब रेघा आणि कुशीला ठिपक्यांच्या ओळी. जवादी बहुतेक वेळ जमिनीवरच काढतं, त्यामुळे बोरीच्या फांदीवर काही दिसलं तर ते उदमांजर असण्याचाच संभव जास्त. रानमांजराला आपल्याकडे बाऊल म्हणतात. पाय लांब, शेपूट आखूड, तिच्या टोकाकडे काळी वळी. खोकड तुझ्या परड्यात शोधू नकोस. ते माण-खटावच्या उघड्या माळांचं जनावर. तुझ्याकडे येईल तो कोल्हा.

आता ज्यासाठी हे पत्र एवढं लांबवलंय ते सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या बांधावरच्या कॅमेऱ्यात बिबट्याची मादी आली. मागे दोन पिल्लं. वीस सेकंदांची चित्रफीत. एक पिल्लू थांबून कॅमेऱ्याचा वास घेतं आणि शिंकतं. मला इतका आनंद झाला, की मी ती सकाळीच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, जागेच्या नावासकट. दुपारपर्यंत ती तालुकाभर फिरली. रात्री तीस-चाळीस माणसं बॅटऱ्या, काठ्या आणि फटाके घेऊन उसात शिरली. कुणाला काही झालं नाही, हे नशीब. पण मादी पिल्लांना घेऊन त्याच रात्री हलली, रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीकडे गेली, आणि तिथल्या लोकांनी महिनाभर पोरं शाळेत एकटी धाडली नाहीत. त्या मादीनं आमच्या शिवारात माझ्या माहितीत कुणाला साधं दर्शन दिलं नव्हतं. तिची वाट मी चव्हाट्यावर मांडली. ते मला अजून लागतं.

म्हणून तुला सांगतो, बिबट्या, खवले मांजर आणि वाघाटी हे इवलंसं जंगली मांजर, यांची जागा कुणाला सांगायची नाही. खवल्यांसाठी खवले मांजराची चोरटी शिकार होते, आणि शिकाऱ्याला तुझा फोटो आयता पत्ता देतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे तिन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत, पण कायदा रात्री तुझ्या परड्यात पहाऱ्याला उभा नसतो. फोटो ग्रुपवर टाकायचाच मोह झाला तर महिन्या-दोन महिन्यांनी टाक आणि गावाचं नाव गाळ. मात्र बिबट्या घराच्या अगदी जवळ, गोठ्याशी वरचेवर यायला लागला, तर ते लपवू नकोस. शेजारपाजारच्यांना समक्ष जाऊन सांग आणि वनरक्षकाच्या कानावर घाल. घाबरवणं वेगळं आणि सावध करणं वेगळं, एवढं तुला कळतं.

दुसरं म्हणजे ऊस. तुमच्या ओढ्याच्या पलीकडे फड आहे आणि तोडणीची टोळी आता येऊन पडली असेल. तोडणी सरकत जाते तसा आडोसा कमी होतो आणि पाचटात पिल्लं सापडतात. सगळे 'बिबट्याची, बिबट्याची' म्हणून ओरडतात, पण पुष्कळदा ती वाघाटीची किंवा बाऊलाची असतात. वाघाटी पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आतबाहेर भरते, घरच्या मांजरीहून लहान. कुणीतरी पिल्लं उचलून घरी आणतं, दूध पाजतं, मोबाईलवर फोटो काढतं, आणि आई रात्रभर त्या फडाभोवती फिरत राहते. असं घडलं तर पिल्लांना हात न लावता तोडणी तेवढ्या भागात थांबवायला सांग आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर.

मी एकदा असं बघितलंय. बिबट्याचं एकच पिल्लू होतं. वनविभागाच्या माणसांनी त्याला डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि अंधार पडायच्या आत जिथं सापडलं तिथंच क्रेटमध्ये ठेवलं. समोर कॅमेरा लावला आणि सगळ्यांना तिथून लांब नेलं. टोळीतल्या बायका बीडकडच्या. त्यांतली एक, कडेवर तान्हं पोर घेतलेली, सारखी विचारत होती, येईल का हो आई. पहाटे कार्ड काढलं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मादी आली होती. क्रेटभोवती दोन फेऱ्या, मग पंजानं ते पाडलं, पिल्लू मानेला धरलं आणि गेली. मी त्या बाईला तो फोटो मोबाईलवर दाखवला. तिनं पदर डोळ्याला लावला आणि कोयता उचलून कामाला गेली.

दरवेळी आई येतेच असं नाही. पण माझ्याजवळच्या हजारो फोटोंत तो एकच मी छापून घरात लावलाय.

काही बारीकसारीक राहिलं. कोंबडीचे तुकडे, उरलेलं जेवण, मीठ, काहीही कॅमेऱ्यासमोर ठेवू नकोस. त्यानं आधी भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो, तोही थेट घराकडे. ओढ्याच्या वाटेनं पहाटे बायका जातात, तिकडे कॅमेऱ्याचं तोंड चुकूनही नको. कुणी माणूस टिपला गेलाच तर न दाखवता पुसून टाक, आणि कॅमेरा कुठं बांधलाय ते शेजारच्या काकींना आधीच सांगून ठेव. स्वतःच्या परड्यात कुणाला विचारायची गरज नाही, पण ओढ्याच्या वरचं रान वनखात्याचं आहे. कोयना अभयारण्य १९८५ चं, पुढे २०१० मध्ये ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथं लेखी परवानगीशिवाय कॅमेरा न्यायचा विचारही करू नकोस. परवानगी मागायला जाशील तेव्हा तुझी वही सोबत ने. साहेब आधी वहीच बघतील.

पहाटेच्या दवानं भिंगावर वाफ धरते म्हणतेस, त्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या बांधून ठेवल्यात. सोबत माझा जुना पट्टा आणि एक साखळी-कुलूप आहे, कारण तुमच्याकडे माकडं फार. परवा कराडला येतोय, तेव्हा स्टँडवर तुझ्या बाबांकडे देईन. साखळीचं तेल पुसून दोन दिवस बाहेर दवात ठेव, वास जाऊ दे, मगच बांध. आणि बोरीखालच्या पहिल्या दहा दिवसांची वही मला पाठव. फोटो नंतर पाठवलेस तरी चालतील.

तुझा काका