इंग्रजीत 'ऑल्दो'नंतर 'बट' का चालत नाही?

कारण दोन वाक्यं जोडायला इंग्रजीत एकच उभयान्वयी अव्यय पुरतं. आपल्या तोंडात 'जरी–तरी'ची जोडी बसलेली, त्यामुळे 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम' असं सहज निघून जातं. पण 'ऑल्दो' आपल्या वाक्याला गौण करतं आणि 'बट' दोन समान दर्जाची वाक्यं जोडतं. दोन्ही घातली की गौण वाक्याला टेकायला मुख्य वाक्यच उरत नाही. दोन्हींपैकी कोणतंही एक काढा:

- ऑल्दो इट वॉज रेनिंग, ही केम.
- इट वॉज रेनिंग, बट ही केम.

'बिकॉज'नंतर 'सो'चंही तेच. 'ऑल्दो… येट' मात्र चालतं, कारण तिथे 'येट' हे 'तरीही' अर्थाचं क्रियाविशेषण असतं. फक्त जरा पुस्तकी वाटतं.