अमेरिकेत लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालचा दांडा हलवून काडतूस भरायची) घ्यायची आहे; .३५७ मॅग्नम काडतुसाची घ्यावी की .४४ मॅग्नमची?

सराव जास्त आणि हरणाची शिकार कधीमधी असेल, तर .३५७च घ्या. तिच्यात .३८ स्पेशल हे आखूड, सौम्य काडतूसही चालतं. ते स्वस्त पडतं आणि खांद्याला धक्का जेमतेम. शिवाय १५८ ग्रेन (सुमारे १० ग्रॅम) वजनाची मॅग्नम गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला साधारण १,२५० फूट वेगाने सुटते, १८ इंची नळीतून १,७००च्या आसपास. घेण्याआधी .३८ची डमी (दारू नसलेली) काडतुसं भरून लिव्हर ठामपणे, शेवटपर्यंत चालवून बघा. मार्लिन १८९४ असो की रॉसी आर९२, आखूड वॅडकटर (सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं) बऱ्याचदा अडकतात. .३८ खूप झाडलं की चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) काजळीचं कडं धरतं. ते ब्रशने काढा, नाहीतर लांब मॅग्नम काडतूस आत जाताना घट्ट होतं. मात्र मोठं रानडुक्कर किंवा अस्वल डोळ्यांसमोर असेल, तर .४४च.