मोडलेला वेळू आणि नववीचा वर्ग

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीला गणित शिकवते. फळ्यावरचे उदाहरण मुले मुकाट्याने उतरवून घेतात. पण त्यातला एक आकडा बदलला की त्यांचे हात थांबतात. त्यांना गणितात रमवावे कसे?

उत्तर : मुलांच्या हाती रीत आधी पडते आणि प्रश्न नंतर, म्हणून असे होते. हा क्रम उलटा करून पाहावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचे सांगणारा शिलालेख आपल्याच तालुक्यात, पाटण येथे आहे. तेव्हा सुरुवात भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’ या गणितग्रंथातील उदाहरणाने करावी, असे मला मनापासून वाटते. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो किती उंचीवर मोडला?

हे फळ्यावर सोडवून दाखवू नका. एका हाताला १० सेंटिमीटर धरून ३.२० मीटर सुतळी घ्या. तिचे एक टोक भिंतीच्या पायथ्याशी आणि दुसरे तेथून १.६० मीटरवर जमिनीशी दोन मुलांना पक्के धरायला सांगा. सुतळी ताणण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज भिंतीवर खडूने नोंदवावा. बरीच मुले ‘मधोमध’ म्हणतील. त्यांना चूक ठरवू नका. १६ हातांवर मोडलेला १६ हातांचा तुकडा सरळ खाली लोंबला तर जेमतेम बुंध्याशी पोहोचतो, मग तो दूर कसा टेकेल, एवढेच विचारा. हा वाद अहिराणीत रंगला तरी रंगू द्या. मग एकाने सुतळी भिंतीलगत वर ताणत न्यावी, ती १.२० मीटरवर, म्हणजे १२ हातांवर अडते.

समीकरण त्यानंतर मांडावे. उंची क्ष मानल्यास क्ष² + १६² = (३२ − क्ष)²; दोन्हीकडचे क्ष² जातात आणि ६४क्ष = ७६८ उरते. पायथागोरसचे प्रमेय, विस्तारसूत्र आणि समीकरण ही तिन्ही एकाच कामात वापरली जात असल्याने यात दोन तासिका गेल्या तरी त्या वाया गेल्या असे मानू नये.

पुढच्या तासाला मात्र १६ ऐवजी एकदा ८ आणि एकदा २४ हात द्या. उत्तरे १५ आणि ७ येतात. पण वहीत आकडेमोड करण्याआधी, टोक दूर गेले की मोड वर सरकेल की खाली, हे मुलांनाच सांगू द्या.