कोड खुला करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुमच्या कंपनीचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स करावं का, म्हणजे त्याचा कोड कुणालाही घेता, वापरता आणि बदलता येईल असा खुला करावा का, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगतो: करावं, पण पैसा कुठून येणार हे कागदावर मांडून झाल्यावरच.

दूध संस्था तुम्हाला नेमके कशाचे पैसे देतात, ते बघ. पहाटे केंद्रावर कॅन घेऊन रांग लागलेली असते आणि दूध तपासणाऱ्या ॲनालायझरवरचं फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि इतर घन घटक) कॉम्प्युटरवर चढत नाही, तेव्हा तुमच्या कंपनीतला मुलगा फोन उचलतो. संघाने दरपत्रक बदललं की संध्याकाळच्या दुधाला नवा दर लागलेला असतो. दहा दिवसांचं बिल निघताना पशुखाद्याची आणि ॲडव्हान्सची कपात बिनचूक होते. सचिव पैसे मोजतो ते याचे. उद्या कुणी तुमचा कोड फुकट उतरवून घेतला, तरी ही कामं करायला माणूस लागणारच. त्यामुळे वर्षाच्या देखभालीचं उत्पन्न लायसन्स विक्रीपेक्षा जास्त असेल, तर कोड खुला केल्याने तुमचं फारसं बुडत नाही. उलट असेल, तर थांब. आधी देखभालीचे करार वाढव.

आपल्याजवळचं उदाहरण मुंबईच्या फ्रॅपे या सॉफ्टवेअर कंपनीचं. ऋषभ मेहतांच्या घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा सगळा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं बीज पडलं आणि २००८ मध्ये कंपनी उभी राहिली. कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. फ्रॅपेला एक रुपयाही न देता कुणीही तो गिऱ्हाइकाकडे बसवू शकतो, आणि लोक बसवतातही. तरी कंपनी चालते, कारण क्लाउडवर साइट चालवून देण्याचे आणि सपोर्टचे पैसे ती घेते. २०२० मध्ये झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीच्या रेनमॅटर या गुंतवणूक शाखेने तिच्यात गुंतवणूक केली. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. ज्या देशांत फ्रॅपेचा सेल्समन कधी गेला नसता, तिथे स्थानिक लोकांनी ईआरपीनेक्स्ट बसवून देण्याचा धंदा उभा केला. तुमच्याकडे विक्रीला स्वतंत्र माणूस नाही. खुला कोड ते काम करतो, पण वर्षानुवर्षांनी. पुढच्या तिमाहीचा पगार यातून निघेल असं धरून चालू नकोस.

परवाना निवडताना मात्र भिडेला पडू नकोस. एमआयटी हा सैल परवाना दिलास, तर मोठी कंपनी तोच कोड घेऊन स्वतःचं बंद उत्पादन विकू शकते. प्लॉझिबल ही वेबसाइटच्या भेटी मोजणारी छोटी कंपनी. तिने याच काळजीपोटी २०२० मध्ये एमआयटी सोडून एजीपीएल हा कडक परवाना घेतला. त्याखाली कोडमध्ये फेरफार करून नेटवरून सेवा देणाऱ्यालाही आपले बदल वापरणाऱ्यांना खुले करावे लागतात. तुमच्यासाठी मी तोच सुचवीन. आणि तो पहिल्याच दिवशी ठरव. इलॅस्टिक या सर्च सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये मधेच परवाना आवळला, तेव्हा ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च नावाची वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय दिला, तोवर ओपनसर्चने आपलं बस्तान बसवलं होतं. सॉफ्टवेअरच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र तुमच्याच हाती ठेव. कोड कुणीही घ्यावा, पण तुमच्या नावाने सेवा विकू नये.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते, ते सांगतो. हा कोड कायद्याने तुमचा आहे का? पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेलं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. पण बाहेरच्या फ्रीलान्सरकडून, म्हणजे नोकरीत नसलेल्या, कामापुरत्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचं तसं नाही. त्याने हक्क सही करून लेखी दिले पाहिजेत. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही तर परवाना साऱ्या जगाला देणार. एखाद्या संघाने पैसे देऊन खास करून घेतलेला भाग असेल, तर तोही करार बाहेर काढून वाच.

दुसरं काम गिटच्या, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीच्या, इतिहासाचं. एखाद्या संस्थेच्या डेटाबेसचा पासवर्ड कधीतरी कॉन्फिग फाइलमध्ये गेला असेल, तर फाइल आज पुसून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदीत, तो तसाच असतो. टेस्टसाठी उचललेल्या खऱ्या सभासदांच्या याद्या, बँक खाती, मोबाइल नंबर असतील तर आणखी वाईट. त्या शेतकऱ्यांनी तुमच्यावर विश्वास टाकलाय. मी तर सगळे पासवर्ड बदलून, जुना इतिहास मागे ठेवून, स्वच्छ रिपॉझिटरीपासून, म्हणजे कोडच्या नव्या कोठारापासून, सुरुवात करीन.

बाहेरचे प्रोग्रामर झुंडीने येऊन तुमचं काम करतील, ही आशा सोड. सुरुवातीला येतील ते प्रश्न. त्यांची उत्तरं द्यायला आणि मराठीत नीट माहितीपुस्तिका लिहायला आठवड्यातला एक दिवस एका माणसाचा राखून ठेव, आणि त्याचा पगार खर्चात धर.

या आठवड्यात फ्रीलान्सरांच्या करारांची फाइल काढ आणि मला फोटो पाठव. ॲनालायझर जोडणीचा भाग बाहेरून करून घेतला होता ना? तो कागद सगळ्यात आधी बघू.

तुझा,
काका