क्लच ऑइल : नुसतं वरून बदलून भागेल का?

प्रश्न : माझी गाडी २००४ची. क्लच पेडल दोनदा दाबल्याशिवाय पहिला गिअर पडत नाही. डबीतलं ऑइल काळं झालंय. तेवढंच बदलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही दादा, खरी घाण खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरात, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या नळकांड्यात बसते. परवाच एका जुन्या गाडीचा निपल (स्लेव्हवरचा ऑइल काढायचा छोटा स्क्रू) सोडला, तर आधी चहाच्या चोथ्यासारखा गाळ आला. ते झिजलेलं रबर. शिवाय हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक-क्लचच्या ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हद्द १५५वर येते.

डबी पिचकारीने उपसून नवं डॉट ४ भरा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सोडून परत आवळायचा, आणि मगच पाय उचलायचा. पाय आधी उचलायची घाई फार नडते, हवा आत जाते. डबी रिकामी पडू देऊ नका. काही गाड्यांत ब्रेकचीही तीच असते. इंजिन ऑइल चुकूनही नको, आतली रबरी सील फुगतात. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

एवढं करूनही पेडल खाली बसलं, तर स्लेव्हचं रबरी बूट, म्हणजे टोकावरचं रबरी आवरण, उचलून बघा. आत ओल दिसली की सील गेलं.